खानदेशातील एक चौकशी आणि सम्मुखाविनय

सन १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते, ते सभेसाठी अथवा सत्कारासाठी नव्हे, तर गाऱ्हाणी ऐकण्यासाठी. चाळीसगावचा टांग्याचा अपघात आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. त्या अपघातात त्यांच्या पायाचे हाड मोडले, हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या कामासाठी ते त्या दिवशी चाळीसगाव-धुळे या शाखामार्गावरील एका खेड्यात जाऊन आले, त्या कामाचा उल्लेख आपल्या भाषणांतून आणि स्मरणिकांतून अभावानेच आढळतो. अपघात ध्यानात राहिला आणि चौकशी विस्मृतीत गेली, असेच म्हणावे लागते. प्रस्तुत लेखात त्या चौकशीचा विचार करावयाचा आहे. आणि तो करताना, अन्यायाची तक्रार कोणी ऐकावी, कोणासमक्ष ऐकावी व निकालात काय द्यावे, या प्रश्नांना विनयपिटकाने दिलेल्या उत्तरांकडेही पाहावयाचे आहे.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मुंबई सरकारने इलाख्यातील अस्पृश्य वर्ग व आदिम जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष होते, म्हणून ती स्टार्ट समिती या नावाने ओळखली जाते. बाबासाहेब, डॉ. पी. जी. सोळंकी, अ. वि. ठक्कर आदी मंडळी तिचे सदस्य होते. समितीने इलाखाभर दौरे केले. कामाची वाटणी झाली तेव्हा खानदेशचे दोन जिल्हे बाबासाहेब व आणखी एक सदस्य यांच्याकडे आले. १९०६ साली खानदेशचे विभाजन होऊन पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले होते. पहिल्याचे मुख्य ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशातच मोडत असे.

या दौऱ्याची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या छोट्या आत्मकथनात ती येते. काम आटोपल्यावर त्यांचे सहकारी कोणा हिंदू साधूच्या दर्शनाला गेले, असे ते एका ओळीत नमूद करतात आणि पुढे जातात. (ती ओळ त्यांनी का लिहिली असावी, याचा तर्क वाचकाने करावा.) बाबासाहेब मात्र चाळीसगावला उतरले, कारण धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता. स्थानकावर चाळीसगावची अस्पृश्य मंडळी भेटली, त्यांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला, तो त्यांनी मान्य केला. मग ते धुळ्याच्या गाडीत बसून त्या गावी गेले, तेथील परिस्थिती जाणून घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या गावात किराणा मिळत नाही, शेतात काम मिळत नाही, वाट बंद झाली आहे, त्या गावच्या लोकांना जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून जबानी घेता आली असती. सरकारी समित्यांची तीच रीत असे, आणि आजही बहुतांशी तीच आहे. बाबासाहेबांनी तसे केले नाही. तक्रारदार जेथे होता तेथे ऐकणारा गेला. बहिष्कृताच्या दृष्टीने या फरकाचे मोल फार मोठे आहे, कारण ज्याने गाव सोडून कचेरीत पाऊल टाकले तो परत गावातच यावयाचा असतो.

चाळीसगाव स्थानकावर परतल्यावर जे घडले ते आपण जाणतोच. महारवाडा स्थानकापासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. हार घातले गेले, परंतु निघण्याची कोणी भाषा करीना. तासाभराने टांगा आला. दोनशे पावले गेला नाही तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरील फरशीच्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला. चौकशी करता खरी गोष्ट कळली. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याने पायी चालावे हे महार मंडळींना पाहवत नव्हते. तेव्हा तोड निघाली ती अशी, की टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा पण हाकू नये. हाकणारा महारांनी आपला आणावा. ज्याने लगाम हाती घेतला त्याचा तो धंदाच नव्हता.

या प्रसंगातील ‘तडजोड’ हा शब्द माझ्या मते सर्वांत अधिक विचार करण्याजोगा आहे. त्या तासाभरात स्थानकाबाहेर एक तक्रार उद्भवली आणि तिचा निकालही लागला. नकार देणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. ज्याला नकार मिळाला त्याला तर त्याचा पत्ताही नव्हता. भाडे टांगेवाल्याला मिळाले, मान दोन्ही पक्षांचा राहिला, आणि धोका तेवढा उतारूच्या वाट्याला आला. दिवसभर बहिष्काराचे गाऱ्हाणे ऐकून आलेल्या चौकशी अधिकाऱ्याच्या बाबतीत त्याच संध्याकाळी त्याच्या पाठीमागे एक गाऱ्हाणे असे परस्पर मिटविले गेले. आपल्या खेड्यांतून ‘गावातल्या गावात मिटले’ म्हणून जी प्रकरणे सांगितली जातात त्यांची घडण पुष्कळदा हीच असते. बाबासाहेबांनी दोष देताना आपल्या माणसांनाही सोडलेले नाही. माझा मान राखण्यापायी त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे.

स्टार्ट समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये आला. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी व खाते इत्यादी शिफारशींमुळे तो प्रशासनाच्या इतिहासात ओळखला जातो. पण त्याचा गाभा मला बहिष्कारावरील परिच्छेदांत दिसतो. समितीचे म्हणणे थोडक्यात असे: सार्वजनिक सोयींचा हक्क कागदावर दिला तरी तो बजावणे दीर्घकाळ अवघड राहील. पहिली अडचण उघड मारहाणीची. अस्पृश्य प्रत्येक गावात अल्पसंख्य असतात. तरी पोलिसांच्या भयाने मारहाणीला काही मर्यादा पडते. दुसरी अडचण पोटाची. कोणी सवर्णांची जमीन खंडाने करतो, कोणी त्यांच्या शेतावर मजूर आहे, कोणी गावकीच्या बलुत्यावर जगतो. हे सर्व एका दिवसात बंद करता येते. नेहमीची वाट अडविता येते, वाण्याचे दुकान बंद करता येते. आणि कारण क्षुल्लक पुरते: सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, जमिनीचा तुकडा घेतला, चांगले कपडे वा दागिने घातले, नवरदेव घोड्यावर बसवून वरात रस्त्याने नेली. सामाजिक बहिष्काराइतके परिणामकारक शस्त्र आपल्याला ठाऊक नाही व त्यापुढे उघड हिंसाही फिकी पडते, असा समितीचा निष्कर्ष होता. हाच मजकूर बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या अस्पृश्यांच्या संरक्षणाच्या योजनेत आधार म्हणून घेतला आणि बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. धुळे मार्गावरील त्या अनाम गावाचा आवाज या मार्गाने लंडनपर्यंत पोहोचला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

समितीला मात्र निकाल देण्याचा अधिकार नव्हता. ती ऐकू शकत होती, लिहू शकत होती, शिफारस करू शकत होती. मग निकाल देणार कोण? शहरापुरते बोलावयाचे तर नगरपालिका. सार्वजनिक तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा, दवाखाने यांचा कारभार तिच्या हाती होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांचा, धर्मशाळांचा, शाळा, कचेऱ्या व दवाखान्यांचा वापर अस्पृश्यांना खुला असावा, हा त्याचा आशय. सरकारने तो मान्य करून स्थानिक संस्थांना त्याप्रमाणे कळविले. बहुतेक संस्थांनी तो दप्तरी दाखल केला. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे तो अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने थांबवावे.

महाडच्या नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे त्यातील श्रेय आपल्या परंपरेने कृतज्ञतेने जपले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह तळ्याचे पाणी घेऊन तो ठराव प्रत्यक्षात आणला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. योगायोग असा, की ही तारीख बोले ठरावाचीच होती. सभेत बहुमत होते, कामकाज नियमानुसार होते, पण ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता त्यांना त्या सभेत विचारले गेले नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे चौधरी मंडळींचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. १९३१ साली मूळ न्यायालयाने तो दावा फेटाळला, पुढे अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरविले. एका ओंजळ पाण्याच्या तक्रारीला दहा वर्षे लागली.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. चुल्लवग्गातील चौथा खन्धक समथक्खन्धक म्हणून ओळखला जातो. संघात उद्भवणाऱ्या वादांना तेथे ‘अधिकरण’ ही संज्ञा आहे आणि ते शमविण्याचे सात मार्ग, म्हणजे सात ‘अधिकरणसमथ’, सांगितले आहेत. त्यांत सम्मुखाविनय पहिला, आणि इतर कोणताही मार्ग अवलंबिला तरी त्याच्या जोडीला हा असावाच लागतो. सम्मुख म्हणजे समोर. चार गोष्टी समोर हव्यात: संघ, धम्म, विनय आणि पुग्गल. संघसम्मुखता म्हणजे ज्यांनी उपस्थित राहावे ते उपस्थित असणे व ज्यांची संमती हवी तिची नोंद असणे. धम्मसम्मुखता आणि विनयसम्मुखता म्हणजे निर्णय ज्या तत्त्वाने व ज्या नियमाने व्हावयाचा ते तत्त्व व तो नियम प्रत्यक्ष वापरात असणे. पुग्गलसम्मुखता म्हणजे जो वाद करतो आणि ज्याच्याशी वाद आहे ते दोघेही समोर असणे. गैरहजर व्यक्तीविरुद्ध कर्म करणाऱ्या भिक्खूंना त्या खन्धकाच्या प्रारंभीच दोष दिला आहे. महाडच्या ४ ऑगस्टच्या सभेला ही कसोटी लावली तर संघसम्मुखता कदाचित निघेल, पण पुग्गलसम्मुखता नाही, आणि धम्मसम्मुखता तर नाहीच.

बहुमताचा मार्गही विनयात आहे. त्याला ‘येभुय्यसिका’ म्हणतात. त्यासाठी सलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटल्या जात. त्या गोळा करणारा भिक्खू छन्द, दोस, मोह आणि भय या चार अगतींपासून मुक्त हवा आणि कोणती सलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला कळले पाहिजे, अशी पात्रता घातली आहे. पुढची तरतूद आधुनिक वाचकाला चमत्कारिक वाटेल. गुप्त पद्धतीने सलाका घेताना अधम्मवादींची संख्या अधिक आहे असे दिसले, तर मतदान नीट झाले नाही असे सांगून ते रद्द करावे, असे ग्रंथ म्हणतो. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर त्याला तुरुंगात जावे लागेल, आणि ते योग्यच होईल. परंतु या नियमामागील चिंता खोटी नाही. काही गोष्टी बहुमताच्या कक्षेबाहेर ठेवल्या पाहिजेत, ही ती चिंता होय. विनयाने ती एका विश्वासू माणसाच्या हाती सोपविली. बाबासाहेबांनी ती मूलभूत हक्कांच्या हाती सोपविली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही असे ठरविले. त्यानंतर कोणत्याही नगरपालिकेला बहुमताने तळे बंद करता येणार नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी भिक्खुसंघाच्या कामकाजाचा, त्यातील प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना व सलाका-मतदान यांचा मुद्दाम उल्लेख केला, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

जातीवरून झालेल्या अपमानाचा विषयही विनयात स्वतंत्रपणे येतो. भिक्खुपातिमोक्खातील दुसरा पाचित्तिय नियम ‘ओमसवाद’, म्हणजे टोचून बोलण्याविरुद्ध आहे. त्याच्या विभंगात अपमानाचे दहा आधार मोजले आहेत आणि त्यांत पहिला आधार जातीचा आहे. चण्डाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस ही त्या काळी हीन मानलेली कुळे तेथे नावानिशी येतात. नाव, गोत्र, काम, कारागिरी, रोग हेही आधार आहेत. म्हणजे माणसाच्या जन्मावरून वा धंद्यावरून त्याला खिजविणे ही केवळ असभ्यता नसून नोंदवावयाचा अपराध आहे, हे तत्त्व सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत नियमबद्ध झाले होते. या नियमाच्या निदानकथेत तथागत नन्दिविसाल बैलाची गोष्ट सांगतात. धन्याने भर पैजेत त्याला कुचकट हाक मारली तेव्हा त्याने शंभर गाडे ओढले नाहीत. गोड शब्दांनी बोलाविले तेव्हा ओढले.

या संदर्भात चित्त गहपतीचे प्रकरण मला सर्वांत बोधक वाटते. मच्छिकासण्ड येथे चित्त हा श्रद्धाळू गृहस्थ राहत असे आणि सुधम्म नावाचा भिक्खू त्याच्या आश्रयाने तेथे वास्तव्य करी. सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेर आले असता चित्ताने त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले, आणि सुधम्माला नंतर विचारले. सुधम्म दुखावला. दुसऱ्या दिवशी त्याने केलेली तयारी पाहून तो म्हणाला की सर्व आहे, पण तिळाची पोळी तेवढी नाही. वरवर पाहता हा भोजनातील उणेपणाचा शेरा आहे. परंतु अट्ठकथा सांगते की चित्ताच्या वंशात पूर्वी कोणी एक पोळ्या विकणारा होता, आणि जन्मावरून हिणविण्याच्या हेतूने सुधम्म तसे बोलला. अपमान असाच असतो. शब्द निरुपद्रवी, अर्थ मात्र ज्याला लागावयाचा त्यालाच लागतो. साक्षीदाराला विचारा, तो म्हणेल, पोळीविषयी बोलणे झाले.

चित्ताने प्रत्युत्तर दिले, तेव्हा सुधम्मच रागावून सावत्थीला तक्रार करण्यास निघाला. प्रतितक्रार पहिल्यांदा नोंदविण्याची युक्ती जुनी आहे तर! चित्ताने त्याला एवढेच सांगितले की तुम्ही जे बोललात आणि मी जे बोललो ते सर्व भगवंतांना सांगा. तथागतांनी ते ऐकले, सुधम्माला दोष दिला आणि त्याच्यावर ‘पटिसारणीय कम्म’ करण्याची आज्ञा संघाला केली. या कर्माचा अर्थ असा की त्याने मच्छिकासण्डला परत जाऊन चित्ताची क्षमा मागावी. सुधम्म गेला, पण त्या गृहस्थासमोर त्याचे तोंड उघडेना. क्षमा न मागताच तो परतला. तेव्हा त्याच्याबरोबर एक ‘अनुदूत’ भिक्खू देण्याचा नियम झाला. गृहस्थाने क्षमा केली तर ठीक; न केल्यास अनुदूताने प्रथम स्वतःच्या वतीने व मग संघाच्या वतीने विनंती करावी; तरीही न झाल्यास गृहस्थाला दिसेल व ऐकू येईल अशा ठिकाणी अपराध्याला बसवून त्याची कबुली घ्यावी.

या प्रक्रियेत मला तीन गोष्टी दिसतात. निर्णय देणाऱ्या संस्थेने आपल्याच सदस्याविरुद्ध आणि बाहेरच्या माणसाच्या बाजूने निर्णय दिला. भरपाई संस्थेच्या सभागृहात नव्हे, तर दुखावलेल्याच्या दारात द्यावयाची होती. आणि निकाल अमलात आला की नाही हे पाहण्यासाठी माणूस पाठविला गेला. अर्थात विनय हा संघाचा कायदा आहे, गावाचा नव्हे, आणि त्यातून आजची दंडसंहिता काढण्याचा खटाटोप मी करणार नाही. तथापि समितीच्या टेबलावर बसणाऱ्या कोणालाही हे तीन प्रश्न विचारता येतात.

निकाल देणारेच गावचे सत्ताधारी असतील तर काय होते, हे बाबासाहेबांनी खानदेशात पाहिले होते. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा पंचायतींना न्यायदानाचा अधिकार देण्यास त्यांनी कडाडून विरोध केला आणि अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व असल्याखेरीज स्थानिक स्वराज्याचे त्यांना काही सुख नाही, अशी भूमिका घेतली. या भाषणामागे त्या धुळे मार्गावरील गावाची आठवण असावी, असे मला वाटते. असे वाटण्याला त्या अहवालातील बहिष्काराचे परिच्छेद हाच माझा आधार आहे. पुढे ३१ जुलै १९३७ रोजी ते एका खटल्याच्या कामासाठी पुन्हा धुळ्यास आले. त्यांचा मुक्काम लळिंगच्या किल्ल्याजवळील कुरणात लांडोर बंगल्यात होता आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे अनुयायांची गर्दी लोटते. तो खटला पोळ्याच्या सणातील वादाचा होता, असे धुळ्याकडील मंडळी सांगतात. बैलांच्या मानपानावरून माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली, हे ऐकून नन्दिविसालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या वेळी त्यांनी समितीचे सदस्य म्हणून नव्हे, तर वकील म्हणून गाऱ्हाणे मांडले. महाडचा अंतिम निकाल त्यापूर्वी चारच महिने लागला होता.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांचा प्रवास येथे थोडक्यात नमूद करतो. अस्पृश्यता अपराध अधिनियम १९५५ चा; १९७६ च्या दुरुस्तीने तोच नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ चा, तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आपल्या वाचकांनी येथे एक तपशील ध्यानात ठेवावा. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून तोवर चौतीस वर्षे गेली. ज्याने आपल्या कागदावर ‘बौद्ध’ लिहिले, त्याला केंद्राच्या लेखी आधी आपण कोण हेच सिद्ध करावे लागे. पुग्गलसम्मुखतेचा अर्थ येथे अगदी शब्दशः घ्यावा: तक्रारदार समोर उभा आहे, पण नोंदवहीला तो दिसत नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला. गोलमेज परिषदेतील मागणीपासून पाऊणशेहून अधिक वर्षांनी! त्याच दुरुस्तीतील १५-क हे कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. पीडिताला कामकाजाची वेळेवर सूचना मिळावी, जामीन, सुटका, शिक्षा आदी टप्प्यांवर त्याचे म्हणणे ऐकले जावे, असा हक्क त्यात आहे. सम्मुखाविनयाच्या इतके जवळ आपला कायदा पूर्वी कधी आला नव्हता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र अधिनियम २०१६ साली संमत केला, तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. पण त्याचा रोख मुख्यतः जातपंचायतींनी आपल्याच समाजातील व्यक्तींना वाळीत टाकण्यावर आहे. संपूर्ण गावाने बौद्धवाड्यावर टाकलेल्या बहिष्काराला उत्तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातच शोधावे लागते.

जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या. त्यांच्याकडे पाणी आहे, रस्ते आहेत, सफाई खाते आहे, दवाखाने आहेत; परंतु जातिभेदाची तक्रार ऐकून निकाल देणारे पीठ नाही. ती तक्रार पोलीस ठाण्यात जाते, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसून आढावा घ्यावा असा १९९५ च्या नियमांचा दंडक आहे. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण निष्पन्न होते ती शिफारस. म्हणजे फौजदारी खटला, नाही तर शिफारस. यांच्या मधली पायरी रिकामी आहे.

ही मधली पायरी जगात अन्यत्र आहे. अमेरिकेतील सिएटल नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी क्षमा सावंत यांनी मांडलेला प्रस्ताव सहा विरुद्ध एक मतांनी संमत करून भेदभावविरोधी नगरकायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. त्या शहराचे नागरी हक्क कार्यालय तक्रार दाखल करून घेते, दोन्ही पक्षांचे पुरावे तपासते, भेदभाव झाल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे की नाही हे ठरविते, असल्यास समेटाचा प्रयत्न करते, आणि समेट न झाल्यास प्रकरण सुनावणी अधिकाऱ्यापुढे जाते. तक्रारदाराला वकील करावाच लागतो असे नाही. येथेही ‘समेट’ हा शब्द आहेच. पण तो आधी चौकशी, मग समेट, या क्रमाने. चाळीसगाव स्थानकावर तो क्रम उलटा झाला, किंबहुना चौकशी झालीच नाही. कॅलिफोर्नियात राज्यपातळीवरील तसेच विधेयक ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नाकारले, याचीही नोंद घ्यावी.

आपल्याकडे महापालिकेला असा अधिकार द्यावा काय? मी साशंक आहे. १९३२ चा बाबासाहेबांचा आक्षेप अद्याप शिळा झालेला नाही, आणि ४ ऑगस्ट १९२७ च्या सभेचे इतिवृत्त कोणत्याही सभागृहात पुन्हा लिहिले जाऊ शकते. परंतु जिल्ह्याच्या दक्षता समितीने तीन महिन्यांची बैठक दालनात न घेता, ज्या गावची तक्रार आहे त्या गावाच्या वाड्यात जाऊन घ्यावी, आणि निकालानंतर सहा महिन्यांनी एक अनुदूत त्या वाड्यात पाठवून वाट खुली आहे काय, दुकान उघडे आहे काय, मजुरी मिळते काय एवढेच विचारावे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. १९२९ साली एका सदस्याने पुढच्या गाडीच्या वेळेत पहिली गोष्ट करून दाखविली होती.

बाबासाहेबांच्या हकीकतीत त्या गावाचे नाव नाही. धुळे मार्गावरील एक गाव, एवढेच आहे. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर या स्थानकांच्या परिसरातील ज्या कुटुंबांत त्या बहिष्काराची, अथवा रेल्वेने येऊन ऐकून गेलेल्या बॅरिस्टरांची आठवण आजा-पणजांपासून चालत आली असेल, त्यांनी ती लिहून वा सांगून आपल्या नजीकच्या विहारात नोंदवावी.